उटण्यात किती थेंब?

ओरछा गेटच्या कमानीतून ई-रिक्षा, दूधवाल्याची मोटारसायकल आणि केळ्यांची हातगाडी एकाच वेळी आत शिरू पाहतात, तेव्हा तिघांपैकी कुणीच मागे सरत नाही. आधी हॉर्न, मग बुंदेलीतून दोन-चार शब्द, मग हसणं, आणि वाट मोकळी. झाशीच्या जुन्या तटबंदीचा हा दरवाजा. इथून ओरछा जेमतेम सोळा-सतरा किलोमीटर. 1858 च्या एप्रिलमध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजची फौज शहरात घुसली ती फितूर झालेल्या दुल्हाजूने हा दरवाजा आतून उघडल्यामुळे, असं झाशीत शाळकरी पोरंही सांगतात. इतिहासकार त्यावर मान डोलावतीलच असं नाही, पण गेटपाशी उभं राहून हा वाद घालण्यात अर्थ नसतो.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘घरी केलेलं’ हे सूत्र दिलं, तोवर लोणची, पापड आणि हातमागाची लुगडी इतरांनी पटकावली होती. माझ्या वाट्याला आली घरगुती सौंदर्यप्रसाधनं. हल्ली जिथे जावं तिथे कुणीतरी स्वयंपाकघरात फेस सीरम ढवळत असतं आणि त्यात टी-ट्री, लॅव्हेंडर, लेमनग्रास यांचे थेंब टाकत असतं. पुण्या-मुंबईत हे पाहायला मिळालंच असतं. पण मला असं घर हवं होतं जिथे उटणं कांडण्याची जुनी सवय अजून आहे आणि नवी बाटलीही येऊन पोचली आहे. 1742 च्या सुमाराला नारोशंकर झाशीचा सुभेदार झाला. तेव्हापासून इथे मराठी घरं आहेत. नेवाळकरांच्या काळात ती वाढली. ज्या गणेश मंदिरात 1842 साली लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं, तिथे आजही गणेशोत्सवात मराठी आरत्या ऐकू येतात. या घरांत दिवाळीचं उटणं अनेक वर्षं घरीच होत आलं, कारण तयार पाकीट इथे मिळायचंच नाही. आणि अत्तरांचं कन्नौज तर याच राज्यात.

ओरछा गेटजवळच्या एका मराठी घरात मी गेले ती या हिशेबाने. घरातल्या काकू सत्तरीच्या, मराठीत मधूनच ‘अच्छा’ आणि ‘मतलब’ म्हणणाऱ्या. सून नागपूरची, रसायनशास्त्र शिकलेली. दोघींच्या मध्ये जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं, आणि त्यावर वाद.

पुडी आणि बाटली

वाद असा की काकूंनी पाव किलो उटण्यात लवंगेचं तेल ‘अंदाजाने’ घातलं होतं. आजवर त्या लवंगेची पूड घालत आल्या, चिमूटभर. यंदा दुकानदाराने बाटली पुढे केली, म्हणाला वास जास्त टिकेल. काकूंनी बाटली उपडी धरली आणि हात थांबला तेव्हा थांबला.

अंदाज हा स्वयंपाकघरातला मोठा गुण आहे, त्याला नावं ठेवणारी मी कोण? पण पुडीचा अंदाज बाटलीला लागू पडत नाही, आणि या विषयातला सगळा धोका एवढ्यातच आहे. हिशेब करून पाहा. लवंगेत साधारण पंधरा ते वीस टक्के तेल असतं. पाव किलो उटण्यात एक ग्रॅम लवंगपूड घातली तर लवंगेचं तेल पडलं दीडशे-दोनशे मिलिग्रॅम, म्हणजे टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. तेही पुडीच्या पेशींत कोंडलेलं, पाण्यात कालवून लावायचं आणि पाच मिनिटांत धुऊन टाकायचं. बाटलीतलं एक मिलिलिटर तेल म्हणजे मात्र पाच-सहा ग्रॅम लवंगेचा सगळा अर्क, मोकळा, कातडीला थेट भिडणारा. गवती चहाच्या ओल्या पातीत तेल असतं अर्ध्या टक्क्याच्या आत-बाहेर. म्हणजे लेमनग्रासच्या दहा मिलीच्या बाटलीत दोन-तीन किलो पात आहे. चहात आपण किती टाकतो? दोन पाती. गुलाबाचं तर विचारूच नका, एक किलो तेलाला तीन ते चार टन पाकळ्या लागतात.

गव्हला, कचोरा, नागरमोथा, वाळा, आंबेहळद, संत्र्याची साल, अनंतमूळ, मसुराचं पीठ. उटण्याची ही यादी करणाऱ्यांनी टक्केवारी मांडली नव्हती. मांडायची गरज नव्हती, कारण वनस्पतीनेच तेल पातळ करून दिलेलं होतं. ते काम आता आपल्यावर आलं आहे.

सुनेने माझ्यासमोर एक गंमत केली. गणपतीच्या मखरातला थर्माकोलचा उरलेला तुकडा आणला आणि त्यावर संत्र्याच्या तेलाचा एक थेंब टाकला. थेंब जागीच बसला, कडा चकचकीत झाल्या, मग मधला भाग खाली जाऊ लागला आणि बघता बघता तिथे खळगा पडला, तळाशी चिकट पापुद्रा. ‘आई, हे तुम्ही तोंडाला लावणार होतात,’ ती म्हणाली. काकू काही बोलल्या नाहीत, पण बाटलीचं झाकण लावलं. आता त्वचा म्हणजे थर्माकोल नव्हे, तेव्हा हा काही पुरावा नाही. पण बाटलीतला द्रव नुसता ‘वास’ नसून एक जोरकस द्रावक आहे, एवढं त्या खळग्यातून कळतं. तेल पातळ प्लास्टिकच्या कपात का मोजू नये, हेही.

देग, भपका आणि कागद

गेटमधून आत काष्ठौषधींचं एक दुकान आहे, तिथली फळी बघण्यासारखी होती. एकाच रांगेत अत्तर, ‘असली’ चंदन तेल, टी-ट्री, बावचीचं तेल, गंधपुऱ्याचं तेल आणि साबणात घालायचे रंगीबेरंगी सुगंध, सगळ्यांच्या बाटल्या सारख्याच. गिऱ्हाईक म्हणतं ‘खुशबू वाला तेल’ आणि हात जाईल ती बाटली मिळते.

यांत फरक आहे. कन्नौजला अत्तर काढतात ते तांब्याच्या देगीत. फुलं आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. भपका पाण्याच्या हौदात बुडवलेला असतो आणि त्यात आधीच चंदनाचं तेल भरलेलं असतं. फुलांचा वास त्या चंदनात मुरतो. म्हणजे पारंपरिक अत्तर हे मुळातच दुसऱ्या तेलात उतरवलेलं, आणि लावायचं तेही फायाने, कानाच्या पाळीमागे किंवा कपड्याला. चंदन महागल्यापासून त्याच्या जागी बरेचदा लिक्विड पॅराफिन किंवा दुसरं एखादं बिनवासाचं द्रावक येतं. इसेन्शियल ऑइल वाफेने काढलेलं किंवा सालीतून पिळलेलं, पण त्याखाली काहीच आधार नाही, निव्वळ तेल. आणि तिसरा प्रकार ‘फ्रॅग्रन्स ऑइल’, कारखान्यात जुळवलेला वास. तो साबणवाल्यांसाठी ठीक. चेहऱ्याच्या तेलात घालायचा तर तो कशासाठी बनवला आणि किती टक्के चालतो, हे बनवणाऱ्याने लिहून दिलेलं हवं.

दुकानदाराने शुद्धतेची परीक्षा करून दाखवली. कागदावर थेंब टाकला, थोड्या वेळाने डाग उडाला, झालं. ही परीक्षा अर्धवट आहे. तिळाचं किंवा सरकीचं तेल मिसळलं असेल तर डाग राहतो, तेवढं कळतं. उडून जाणारं स्वस्त रसायन मिसळलं असेल तर काहीच कळत नाही. उलट अस्सल वाळ्याचा किंवा चंदनाचा डाग बराच वेळ जात नाही, म्हणून खऱ्यालाच खोटं ठरवायची वेळ येते. खरी तपासणी प्रयोगशाळेतली, गॅस क्रोमॅटोग्राफीची. तिचा अहवाल बॅच क्रमांकासकट देणारे विक्रेते आहेत. निदान बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, तिचा कोणता भाग, काढण्याची रीत आणि तारीख एवढं तरी हवं. दालचिनीचं उदाहरण घ्या. पानाचं तेल वेगळं, सालीचं वेगळं, आणि सालीचं कातडीला कितीतरी जहाल.

भेसळीला दुकानदारच जबाबदार असं मात्र समजू नये, तिला मोठी परंपरा आहे आणि त्यात आपलाही वाटा आहे. एकोणिसाव्या शतकात खानदेशात, नंदुरबार-पिंपळनेरच्या बाजूला, रोशा गवताचं तेल काढत. ते मुंबईच्या बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई आणि तिथून पुढे गुलाबाच्या तेलात मिसळलं जाई. काही ठिकाणी तर ऊर्ध्वपातनाआधी गुलाबपाकळ्यांवरच शिंपडत. युरोपातल्या बायका गुलाब म्हणून जे हुंगत होत्या, त्यात आपल्या सातपुड्याचं गवत होतं. मला हे वाचून थोडा अभिमानच वाटला, कबूल करते.

तीस मिलीचा हिशेब

सुनेने काकूंसाठी जो नियम केला, तो कुणालाही पाळता येईल. चेहऱ्याच्या तेलात अर्धा टक्का, अंगाच्या तेलात एक टक्का, आणि धुऊन टाकायच्या गोष्टींतही दोन टक्क्यांच्या पुढे नाही. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर तीस मिली बदामाच्या किंवा तिळाच्या तेलाला एक टक्का म्हणजे सहा थेंब, अर्धा टक्का म्हणजे तीन. अभ्यंगाच्या शंभर मिली तेलाला वीस.

पण थेंब हे माप बेभरवशाचं आहे. वाळ्याचं घट्ट तेल जाडजूड थेंबांनी पडतं, संत्र्याचं पातळ तेल भराभर. ड्रॉपर बदलला की थेंब बदलतो. म्हणून औषधाच्या दुकानात मिळणारी एक मिलीची बिनसुईची सिरिंज आणावी, नाहीतर वजन करावं. जुन्या झाशीत सराफा आहे आणि सराफाकडचा खिशातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आता कुठेही मिळतो. काकूंच्या घरी तो आला, आणि चांदीची जोडवी तोलण्याच्या निमित्ताने त्यांनीही तो मान्य केला.

काही तेलांना एक टक्काही जास्त होतो. या विषयावर रॉबर्ट टिसरँड आणि रॉडनी यंग यांचा जाडजूड ग्रंथ आहे, त्यातल्या मर्यादा पाहिल्या की डोळे उघडतात. लवंगेला अर्धा टक्का, लेमनग्रासला 0.7 टक्का, आणि दालचिनीच्या सालीच्या तेलाला फक्त 0.07 टक्का. म्हणजे तीस मिली तेलात पुरता एक थेंबही नाही. मग ते घरी वापरायचंच कशाला? काकूंच्या उटण्यात दालचिनी पूड म्हणूनही नको, असं मी सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही.

तेल थेट, न मिसळता लावायचं नाही. याविरुद्ध हमखास लॅव्हेंडरची गोष्ट सांगितली जाते. गात्तफोसे नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाचा हात 1910 साली प्रयोगशाळेत भाजला, त्याने तो लॅव्हेंडरच्या भांड्यात बुडवला आणि हात बरा झाला. 1937 च्या आपल्या पुस्तकात त्याने स्वतः जे लिहिलं ते निराळं आहे. जखमांमध्ये गँगरीन सुरू झाल्यावर त्याने लॅव्हेंडरने त्या धुतल्या होत्या. भांड्यात हात बुडवणं वगैरे नंतरच्यांनी रंगवलं.

नवं मिश्रण आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, तेही मिसळलेलंच. निव्वळ तेल लावून ‘टेस्ट’ करणं म्हणजे अ‍ॅलर्जीला आवतण. एक दिवस पुरत नाही, कारण ही अ‍ॅलर्जी उशिरा उठते, दोन-दोन दिवसांनी. त्याच जागी दिवसातून दोनदा आठवडाभर लावून पाहिलं तर जास्त भरवसा. आणि अ‍ॅलर्जी एकदा जडली की बहुधा जन्माची. मग तेच रेणू साबणात, अत्तरात, फिनेलमध्ये जिथे भेटतील तिथे खाज. ‘इतकी वर्षं लावतेय, काही झालं नाही’ हे वाक्य काकूंनी दोनदा म्हटलं. दुर्दैवाने ही अ‍ॅलर्जी अनेकदा इतकी वर्षं लावल्यानंतरच होते.

ऊन आणि डाग

आपल्याकडे प्रश्न लालीचा कमी, डागाचा जास्त. गव्हाळ-सावळ्या कातडीवर जरा दाह झाला की मागे काळा डाग राहतो, आणि तो महिनोन् महिने हलत नाही. सुगंधी द्रव्यांच्या मंद, न जाणवणाऱ्या अ‍ॅलर्जीमुळे चेहरा हळूहळू काळवंडतो, खाज-पुरळ न येताही. हे त्वचारोगतज्ज्ञांना चांगलं ठाऊक आहे. कुंकवामुळे कपाळावर पडणारे डाग त्याच कुळातले, फक्त तिथे दोष बहुधा कृत्रिम रंगाचा. गंमत अशी की चेहरा काळवंडला म्हणून बाई आणखी उटणं लावते, आणि त्यात आणखी तेल.

लिंबू हा यातला खास गुन्हेगार. लिंबाच्या सालीत असे रेणू असतात की ते कातडीवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात. सालीतून पिळून काढलेल्या लिंबूतेलात ते उतरतात, वाफेने काढलेल्यात उतरत नाहीत. बाटलीवर मात्र दोन्हींना ‘लिंबू तेल’च लिहिलेलं. टिसरँड-यंग यांची उन्हात जाणाऱ्यांसाठीची मर्यादा कागदी लिंबाच्या पिळलेल्या तेलाला 0.7 टक्का, बर्गमॉटला 0.4 टक्का. संत्र्याचं तेल या बाबतीत निर्दोष, हा नागपूरच्या सुनेला मिळालेला छोटा विजय. आणि तेल सोडाच, चेहऱ्यावर लिंबाची फोड चोळून गच्चीवर पापड वाळत घालायला जाणं हेही तितकंच वाईट.

त्याच फळीवरची बावची याहून कडक. पांढऱ्या डागांवर तिचा उपयोग आयुर्वेदात जुना आहे, आणि तो उपयोग ऊन व तेल एकत्र वापरण्यावरच उभा आहे. म्हणूनच ती वैद्यांच्या देखरेखीखाली, मोजून. ‘रंग उजळतो’ म्हणून बावचीचं तेल तोंडाला लावून उन्हात गेलेल्यांचे चेहरे अक्षरशः भाजतात.

पाणी, हवा, मे महिना

गुलाबपाण्यात टी-ट्रीचे पाच थेंब, हलवा, फवारा. ही पाककृती मला झाशीतही भेटली. तेल पाण्यात विरघळत नाही. कितीही हलवलं तरी ते वर येतं आणि फवाऱ्यातून निव्वळ तेलाचा थेंब गालावर, नशीब वाईट असेल तर डोळ्यात. आंघोळीच्या बादलीचंही तेच. थेंब टाकायचेच तर आधी चमचाभर खोबरेल तेलात कालवून अंगाला लावावेत, मग पाणी. कोरड्या उटण्यातही थेट टाकू नयेत, गोळे होतात आणि एका गोळ्यात सगळा जोर साठतो. दोन चमचे पिठात खलबत्त्यात घोटायचं, चाळायचं, मग बाकीच्यात मिसळायचं.

घरी काढलेला कोरफडीचा गर ही आणखी एक भानगड. पाणी आलं की जंतू आले. आणि सुरक्षित प्रमाणातलं सुगंधी तेल ते थोपवू शकत नाही, लोक काहीही म्हणोत. गर फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवायचा, पान कापल्यावर गळणारा पिवळा चीक आधी निथळू द्यायचा. कोरडं उटणं आणि बिनपाण्याचं तेल ही जुनी रूपं टिकली ती उगीच नाही.

तेल शिळं होतं हे बहुतेकांना माहीतच नसतं. संत्रं, लिंबू, लॅव्हेंडर, टी-ट्री यांतले रेणू हवेशी मिळून बदलतात, आणि बदललेले रेणू मूळच्यापेक्षा जास्त अ‍ॅलर्जी आणतात. झाशीत उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो. दुकानातली बाटली दोन उन्हाळे फळीवर काढून आली असेल तर तिचं काय झालं असेल ते उघड आहे. गडद काचेची, छोटी, काठोकाठ भरलेली बाटली घ्यावी, फ्रिजच्या दारात ठेवावी आणि उघडल्याची तारीख लिहावी. संत्र्या-लिंबाचं तेल वर्षभरात संपवावं. वाळा, चंदन मात्र वर्षानुवर्षं मुरतात.

बाळ आणि बाटली

हा भाग थोडक्यात, कारण इथे वादाला जागा नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला सुगंधी तेलाचं काहीच लावू नये. तान्ह्याच्या छातीला कापराचं तेल चोळायची रीत घराघरांत आहे, ती बंद व्हायला हवी. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात, आणि कापूर व निलगिरीमुळे मोठ्यांनाही फेफरं आल्याचं भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे. पुदिना आणि निलगिरीचं तेल बाळाच्या नाकाजवळसुद्धा नको, श्वास कोंडतो. गुडघ्यांसाठी घेतलेलं गंधपुऱ्याचं तेल एक चमचा जरी पोटात गेलं तरी त्यात साधारण सात ग्रॅम सॅलिसिलेट असतं, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्या वीसहून जास्त गोळ्या. लहान मुलाच्या जिवावर बेतायला एवढं पुरे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणाऱ्या आजोबांनी ते अंगालाही चोळू नये. गरोदरपणी कापूर आणि गंधपुरा दोन्ही टाळावेत. मुलाने बाटली तोंडाला लावलीच तर उलटी काढू नये, तेल फुप्फुसात जातं. बाटली बरोबर घेऊन सरळ दवाखाना गाठायचा.

विकायचं का?

सुनेच्या मनात उटणं विकायचं होतं. ग्वाल्हेर, इंदूर, पुणे, नातेवाईकांचा गोतावळा मोठा आणि मागणीही होती. पण 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार विक्रीसाठी असं काही बनवायचं तर राज्याच्या औषध खात्याचा उत्पादन परवाना लागतो, जागा आणि तपासणी त्या नियमांत बसावी लागते. ‘घरगुती’ लिहिल्याने सुटका नाही. मला हा नियम छोट्या बाईमाणसांवर जड वाटतो. पण अंदाजाने उपडी धरलेली बाटली डोळ्यांसमोर असताना तो चूक आहे असंही म्हणवत नाही.

तेव्हा यंदा विक्री नाही, फक्त भेट. लवंगेच्या तेलाचं ते पाव किलो काकूंनी, बऱ्याच कुरकुरीनंतर, टाकून दिलं. नवं केलं ते दोन प्रकारचं. ग्वाल्हेरच्या नणंदेकडे आठ महिन्यांची नात आहे, तिच्या घरच्या डबीत तेल अजिबात नाही आणि वर ‘बाळासाठी नव्हे’ असंही लिहिलं. बाकीच्यांत संत्र्याचं तेल अर्धा टक्का, पाव किलोला दीड मिली, सिरिंजने मोजून. प्रत्येक डबीवर सगळे घटक, केल्याची तारीख, ‘लागेल तेवढंच पाण्यात कालवा’ आणि ‘खाज आली तर धुवा, पुन्हा लावू नका’. काकूंनी चष्मा लावून एक डबी वाचली आणि म्हणाल्या, ‘हिंदीत पण लिही गं, मिश्रांकडे दोन जायच्यात.’